पाटीतला आवाज

१

दिंडोरीजवळच्या मळ्यातल्या शेततळ्यातून रंगूबाईंना बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी दोरीला आवळलेल्या होत्या. वर्षापूर्वी नात हर्षाली याच तळ्यात बुडून गेली, त्यानंतर ती दोरी काठाला बांधली होती. नातीच्या वेळी दोरी नव्हती. आजी मात्र त्याच दोरीनं वाचली. भर दुपारी बागेत काम करणाऱ्या बायकांनी त्यांना ओढून वर घेतलं. शुद्ध आल्यावर म्हातारी पहिलं वाक्य बोलली ते असं, "हितं बी नाय गं ती."

नाशिकच्या मानसोपचार डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. नवा टॅब घरात आल्यापासून म्हातारीला त्यातून मेलेल्या नातीचा आवाज येतो, घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. भरती करून घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. पण ऐकण्याचीच तक्रार, तेव्हा आधी कान तपासून आणा म्हणाले. म्हणून रंगूबाई गंगापूर रोडवर निकिता गायधनीच्या दवाखान्यात आल्या.

निकिता कान तपासायची, ऐकण्याची मशीनं बसवायची. माणसांपेक्षा कोडी तिला जास्त आवडत, आणि हा दोष तिला ठाऊकही होता.

रंगूबाईंना घेऊन आला होता त्यांचा मुलगा ललित. चाळिशीचा, मृदू बोलणारा. आईला खुर्चीत बसवताना त्यानं तिच्या पाठीशी स्वतःचा स्वेटर घडी करून ठेवला. निकितानं त्याला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा तो काचेपलीकडे पाण्याची बाटली हातात धरून उभाच राहिला.

"कधीपासून येतो आवाज, आजी?"

"ही पाटी घरात आली तवापास्नं." टॅबला त्या पाटी म्हणत. "पैल्यांदा नुसतं धाडधाड वाजायचं. पत्र्याच्या दारावर कुनी थापा मारतंय असं. मी उठून दार उघडायची, तर कुनी नाय. मग श्वास यायला लागला, धापा टाकल्यावानी. आन् मग बोलली."

"कोण?"

"हर्षू माझी. आजी, दार उघड म्हनती."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. निकिताच्या डोक्यात मात्र पुढचा प्रश्न तयार होता.

"पाटी झाकून बघितली का?"

"गोधडीत गुंडाळली. वर उशा रचल्या. तेवढाच आवाज. काडीचा कमी नाय."

"दुसऱ्या खोलीत?"

"तिथं बी. पडवीत बी. पायऱ्या उतरून अंगनात गेलं का तुटतो. दोरा तोडावा तसा. त्या दिशी बी तसंच झालं. ती हाका मारीत होती, मी पळत भाईर आले, आन् आवाज गपकन थांबला. मला वाटलं, गेली ही पुन्हा तळ्याकडं."

"आणि आंघोळीच्या वेळी?"

"तवा कशाचं काय! तवा कानातली मशीनं काढून ठेवलेली असत्यात."

निकितानं तपासणी केली. मशीन काढल्यावर रंगूबाईंच्या उशाशी कुकरची शिट्टी झाली असती तरी त्यांना कळली नसती, इतके कान गेलेले. मशीनं मात्र उत्तम होती, नवी, महाग, चार्जिंगच्या डबीत ठेवायची. मोबाइलचा किंवा टॅबचा आवाज वायरशिवाय थेट कानात घेणारी.

तिनं पेन खाली ठेवलं. डोक्यातले भास मशीन लावलंय का, हे बघून येत नाहीत. आणि पाटीतला आवाज गोधडीखाली दबल्याशिवाय राहत नाही. म्हणजे आवाज म्हातारीच्या डोक्यातून येत नव्हता, आणि पाटीच्या स्पीकरमधूनही नाही. तो सरळ तिच्या कानात पडत होता.

आणि कुणीतरी तो पाडत होतं.

२

ललितला तिनं एवढंच सांगितलं, "रिपोर्ट लिहिण्याआधी मला ती खोली बघावी लागेल."

"या ना मॅडम. केव्हाही या," तो म्हणाला. "आईचं काही चांगलं होत असेल तर."

रविवारी ती मळ्यावर पोचली. बागेत फवारणी चालू होती, हवेत औषधाचा वास होता. घराला पत्र्याचं हिरवं दार, दारावर कॅमेरा. पडवीत खुर्ची टाकून एक जाडगेला माणूस चहा पीत होता. तो दीपक, रंगूबाईंच्या भावाचा मुलगा.

"टॅब मीच आणला आत्यासाठी," तो न विचारताच म्हणाला. "कीर्तनं बघ म्हटलं. आता सगळे माझ्याकडं बघतात. लपवत नाही मॅडम, रस्त्याकडेची जमीन मला हवीये. वायनरीवाल्यांशी बोलणं चाललंय. आत्या सही करत नाही. पण तिला येडं ठरवून माझं काय भलं होणार? सही तर मग ललित करणार."

"टॅब चालू कुणी करून दिला?"

"ललितनंच. मी नुसतं खोकं दिलं. आवाजाची बोंब झाली तेव्हा मी तो मेन रोडला दुकानात नेला. दुकानदारानं सगळं पुसून कोरा करून दिला. मग आठवडाभर शांत होतं बघा."

"मग?"

"मग ललितनं कीर्तनं परत भरून दिली. पुन्हा सुरू."

आत स्वयंपाकघरात ललितची बायको दिशा पोळ्या लाटत होती. अंबडच्या एका कारखान्यात ती ऑफिसात काम करायची. तिनं मान वर केली नाही.

"तुम्हाला कधी काही ऐकू आलं?"

"मला कशाला येईल?" लाटणं थांबलं. "पोर गेली त्या दिवशी मी कामावर होते. व्हॅननं पोरीला फाटकाशी सोडलं. रोज सासूबाई दार उघडायच्या. त्या दिवशी आतून कडी घालून झोपल्या होत्या. तेव्हा जुनं मशीन होतं, ते शिट्टी मारतं म्हणून डबीत काढून ठेवलं होतं. माझी पोर दारात उभी राहिली असेल, आणि मग कंटाळून तळ्यावर गेली असेल."

"असेल म्हणजे? दारावर कॅमेरा आहे ना?"

"तो तेव्हा बंद होता. हे म्हणाले, कार्ड खराब झालं होतं." तिनं पोळी तव्यावर टाकली. "आता ऐकू येतंय ना त्यांना? येऊ दे. मी काय म्हणू? तेव्हा नाही आलं, आता येऊ दे."

"त्यांची मशीनं कोण सांभाळतं?"

"मी त्यांच्या वस्तूला हात लावत नाही. वर्ष झालं. हेच रोज काढतात, पुसतात, डबीत ठेवतात, सकाळी घालून देतात."

जेवणं झाली. चौघं पडवीत बसलेले असताना निकिता मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "एकदा त्यांना तो त्रास होताना माझ्या डोळ्यांनी दिसला असता, तर रिपोर्ट आजच लिहिला असता. पण आता निघायला हवं मला."

जरा वेळानं ललित उठला.

"मी एक टाकी फवारून येतो. तुम्ही बसा थोडं, मॅडम. आईपाशी बसा."

३

रंगूबाई बाहेरच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. पाटी समोरच्या टेबलावर, पडदा काळा. निकितानं पिशवीतून एक नळी काढली. डॉक्टर छातीला लावतात तशी, फक्त हिच्या टोकाला कानाचं मशीन बसतं, म्हणजे मशीन काय बोलतंय ते तपासणाऱ्याला ऐकता येतं. रंगूबाईंच्या उजव्या कानातलं मशीन तिनं काढून नळीला लावलं. डावं तसंच राहू दिलं.

मग तिनं दाराला आतून कडी घातली आणि खोलीकडे नीट बघून घेतलं. दिशाचा मोबाइल समोर फळीवर चार्जिंगला लावलेला होता. दिशा आत भांडी घासत होती. खिडकीतून अंगणात दीपक दिसत होता, मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी जमिनीच्या भावावरून हुज्जत घालत.

पाटीचा पडदा काळाच होता. आणि नळीत आवाज आला.

थापा. पत्र्यावर लहान तळहाताच्या थापा. मग, "आजी, दार उघड ना. आजी, मला सू लागलीये." 'स' म्हणताना शिट्टीसारखी हवा सुटत होती.

रंगूबाई खाटेवरून उठू लागल्या. "आली. आली गं. आले मी."

निकितानं एका हातानं त्यांना धरून ठेवलं. पुन्हा थापा. "आजी. आजी गं." एक थाप अर्ध्यावर तुटली. मग अगदी लगेच, शांतपणे, "बरं." आणि मग सगळं पहिल्यापासून.

फळीवरचा मोबाइल जिथल्या तिथं होता. दीपक अजून भांडत होता, मोबाइल कानालाच. निकिताला उत्तर मिळालं होतं. पण खात्री हवी होती, आणि खात्रीसाठी तिनं जे केलं ते तिला पुढं कधी विसरता आलं नाही. तिनं दिशाला हाक मारली आणि काही न सांगता नळी तिच्या कानांत घातली.

दिशाचे हात ओले होते. ते तसेच हवेत राहिले. तिचं तोंड उघडलं. मग ती धावत जाऊन दारावर आदळली, कडी ओढली, दार उघडलं. बाहेर ऊन होतं आणि दीपक मोबाइल धरून तिच्याकडे बघत होता.

"कुठाय?" ती ओरडली. "कुठं आहे ती?"

निकितानं तिला खाली बसवलं. बराच वेळ दिशा नुसती हुंदके देत राहिली. मग तिनं ओल्या हातानं तोंड पुसलं.

"दात," ती म्हणाली.

"काय?"

"तिचा पुढचा दात त्याच दिवशी सकाळी पडला होता. आंघोळ घालताना माझ्या हातात आला. असं शिट्टीसारखं बोलताना मी तिला फक्त शाळेत जाईपर्यंत ऐकलं." ती दारावरच्या कॅमेऱ्याकडे बघत होती. "हे त्या दिवशीचं आहे. त्या दुपारचं. कॅमेरा बंद नव्हता."

नळीतला आवाज एव्हाना बंद झाला होता. अंगणात ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला.

४

ललित आत आला. अंगाला औषधाचा वास, कपाळावर रुमाल. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या बायकोकडे, मग निकिताच्या गळ्यातल्या नळीकडे.

"त्रास झाला का आईला?"

"झाला," निकिता म्हणाली. "मलाही ऐकू आला."

त्यानं रुमाल सोडला आणि खांद्यावर टाकला.

"ही मशीनं चार्जिंगच्या डबीतून काढल्यावर थोडाच वेळ नवीन जोडणी घेतात," निकिता म्हणाली. "म्हणजे पाटी त्यांना जोडणाऱ्याच्या हातात ती डबी हवी. ती फक्त तुमच्या हातात असते. दुकानदारानं पाटी कोरी केली, आवाज थांबला. तुम्ही हात लावला, पुन्हा आला. एकदा जोडली की बागेत उभं राहूनही मोबाइलवरून पाटीला आवाज सोडायला लावता येतं. आत्ता आवाज आला तेव्हा दिशाताईंचा मोबाइल माझ्यासमोर होता, दीपकरावांचा त्यांच्या कानाला. आणि हे रेकॉर्डिंग ज्या कॅमेऱ्याचं आहे, त्याचं कार्ड खराब झालं असं सांगणारे तुम्ही एकटेच."

दारात उभा असलेला दीपक म्हणाला, "अरे ललित, बोल की काहीतरी."

ललित बोलला. आवाज चढला नाही.

"मी रोज ऐकतो ते. रोज. मग हिनं का ऐकू नये? तेव्हा मशीन होतं घरात. शिट्टी मारतं म्हणून डबीत! पोर दारात हात दुखेस्तोवर थापा मारतेय आणि ही पंख्याखाली घोरतेय. पोर गेल्यावर मी हिला सगळ्यात भारी मशीन आणलं. म्हटलं, आता ऐक."

"आणि ती तळ्यात गेली तेव्हा?" निकितानं विचारलं.

"मी नाही ढकललं तिला."

दिशा हळूहळू उठली. वर्षभर जे तिच्या मनात होतं, तेच नवऱ्यानं केलं होतं. निकिताला तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तेही दिसलं, एक घाणेरडं समाधान. त्यामुळंच कदाचित निकिता पुढं बोलली. इथं थांबता आलं असतं. पण कोड्याचा एक तुकडा उरला होता आणि तिला तो हातातून सोडवेना.

"ललितराव, ती 'बरं' कुणाला म्हणाली?"

तो खांद्यावरच्या रुमालानं कपाळ पुसू लागला.

"बंद दाराला कुणी 'बरं' म्हणत नाही. आजी तर झोपलेली. एक थाप अर्धी तुटते आणि लगेच 'बरं' येतं. मधलं काहीतरी तुम्ही कापलंय. तुमच्या कॅमेऱ्याला बोलायची सोय आहे, मी दारात उभी असताना बघितली. दारात कुणी आलं की मोबाइलवर कळतं आणि मोबाइलवरून बोलताही येतं. दिशाताई कामावर होत्या. मग तिच्याशी कोण बोललं?"

बागेत कुठंतरी कावळा ओरडत होता. ललितनं खाली बघितलं. पायातल्या बुटांवर निळसर औषध वाळलेलं होतं.

"काय म्हणालास तू तिला?" दिशानं विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला चारचौघांत अरेतुरे करत होती.

"एकच टाकी राहिली होती."

"काय म्हणालास?"

"आजी झोपलीये, म्हटलं. तिकडं झाडामागं सू कर आणि खेळ थोडा वेळ. आलोच मी." त्याचा आवाज प्रथमच फाटला. "टाकी कालवलेली होती, दिशा. वाया गेली असती."

दिशानं हात पुढं केला. "मोबाइल दे. मला सगळं ऐकायचंय. तिचं सगळं बोलणं. दे इकडं."

तिला पुरावा नको होता, आवाज हवा होता. ललितला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं मोबाइल खिशातून काढला, दोन-तीनदा अंगठा फिरवला आणि मग तो तिच्या हातात दिला.

"पुसलं," तो म्हणाला. "पाटीतलं पण. आता कुठंच नाहीये."

दिशानं जो आवाज काढला तो ऐकून दीपक अंगणात मागं सरकला. आणि मग खाटेवरून कुणीतरी अगदी साध्या आवाजात बोललं.

"मी झोपले होते म्हनून गेली, असं तू मला वरीसभर सांगत होतास."

रंगूबाईंच्या डाव्या कानातलं मशीन निकितानं काढलंच नव्हतं. त्यांनी पहिल्या शब्दापासून सगळं ऐकलं होतं.

५

दिशानं तक्रार दिली. पोलिसांनी रंगूबाईंचा जबाब घेतला. निकितानं आपला रिपोर्ट लिहून दिला होता, नळीत काय ऐकलं ते शब्दाशब्दानं. दीपकनंही सांगितलं. पण आवाज उरला नव्हता, आणि जिला तो ऐकवला ती म्हातारी म्हणाली, "मला भास होत्यात. माझ्या पोरानं काय बी केलं नाय. ल्हेऊन घ्या."

प्रकरण तिथंच मिटलं. दिशा इगतपुरीला माहेरी निघून गेली ती परतली नाही. रंगूबाईंनी आपण होऊन डॉक्टरांना सांगितलं, मला इथंच भरती करून घ्या.

भरतीच्या दिवशी निकिता हॉस्पिटलात गेली. ललित खाली औषधांच्या रांगेत होता. रंगूबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर कपड्यांचं गाठोडं.

"आजी, मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्हाला काहीही झालेलं नाही. का खोटं बोललात?"

"आता ते कशाला उकरायचं?"

"आई आहात तुम्ही. मला कळतं. नात गेली, आता मुलगा तुरुंगात नको, असंच ना?"

रंगूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत वेड नव्हतं आणि माया तर मुळीच नव्हती.

"तुमी शिकलेल्या. पन ह्यातलं तुमाला कळायचं नाय," त्या म्हणाल्या. "तुरुंगात काय हाय? चार मानसं असत्यात. भाकरी भेटती. शिक्षा भोगली का मानूस म्हनतो, फिटलं. पोलीस नेत्यात आन् मोकळा करत्यात. मला त्याला मोकळा नाय करायचा."

रंगूबाईंनी मांडीवरचं गाठोडं सरळ केलं.

"दिशा गेली. मी हितं. घरात आता तो हाय आन् ते दार हाय. दोष द्यायला मी होते इतके दिस. आता कुनाला देईल? बघू दे रोज त्या दाराकडं. शंभर वरीस जगू दे त्याला. देवाला रोज त्येच मागते मी."

ललित पायऱ्या चढून वर आला. हातात औषधांची पिशवी. तो आईच्या पायाशी वाकला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा आशीर्वाद दिला, "औक्षवंत हो."

त्याला रडू कोसळलं. बाकांवरची माणसं हळहळली. म्हणाली, केवढं प्रेम आहे माय-लेकरांचं.

नर्स दार उघडून उभी होती. रंगूबाई गाठोडं घेऊन उठल्या आणि आत जाता जाता तिला विचारू लागल्या, "बाई, हितं चहा सकाळी किती वाजता देता गं?"